अनुमोदक : हाव्रानेक

लूमिर हाव्रानेक चोवीस वर्षं काउंटी बोर्डावर होता आणि त्या चोवीस वर्षांत सभेत तो एकच शब्द बोलला, असं मी म्हटलं की लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावून सांगतेय. मी काउंटीची चिटणीस. या कोर्टहाऊसमध्ये सत्तावीस वर्षं काढली, त्यातली पहिली नऊ मदतनीस म्हणून. प्रत्येक सभेचं इतिवृत्त माझ्या हातचं आहे, कपाट उघडून दाखवते हवं तर. सूचक म्हणून क्लिफर्ड बाउअर, आणि अनुमोदक म्हणून पानामागून पान हाव्रानेक, हाव्रानेक, हाव्रानेक. पुढे पुढे तर मी ते नाव सभेच्या आधीच टाइप करून ठेवायची.

तीनच माणसांचं आमचं बोर्ड. क्लिफर्डने ठराव मांडायचा, लूमिरने ‘अनुमोदन’ म्हणायचं, मग सगळ्यांची मतं घ्यायची आणि अध्यक्ष डेलोरिस पेनरने लाकडी हातोडी टेबलावर हाणायची. हातोडी ज्याच्या हातात त्याने ठराव मांडायचा नाही आणि अनुमोदनही द्यायचं नाही, नुसतं मत द्यायचं, ही आमच्याकडची रीत. दुसरी रीत अशी की ज्याने अनुमोदन दिलं त्याने मतही ‘हो’च द्यायचं. शेजाऱ्याची शिडी धरली तर तो वर असताना सोडायची नाही, तसं. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. नेब्रास्काच्या आमच्या या कोपऱ्यात लिहिलेलं लोक विसरतात, न लिहिलेलं मात्र विसरत नाहीत.

क्लिफर्ड जिभेचा तिखट. तो म्हणायचा, लूमिरच्या लग्नात पाद्रीने ‘हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का’ विचारलं तेव्हासुद्धा हा ‘अनुमोदन’ म्हणाला. लूमिर हसायचा. शर्टाचं गळ्याजवळचं बटन कायम लावलेलं, टाय कधीच नाही, आणि दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या सभेला खसखशीच्या कोलाचेंचा, म्हणजे चेक लोकांच्या गोड पावांचा ट्रे. आधी ते ब्लँश, त्याची बायको करायची. ती गेल्यावर हा स्वतः करायला लागला. जरा दडस व्हायचे, पण आम्ही सगळे खायचो. नको म्हणून सांगणार कुणाला.

आता तो असा एकशब्दी का झाला, ते सांगते. निवडून आला त्या पहिल्या जानेवारीत त्याने एक ठराव मांडला होता, त्या सगळ्या वर्षांतला एकुलता एक. टर्की क्रीकवरचा जुना लाकडी पूल त्या वर्षी बदलायचा होता. लूमिर म्हणाला, रस्त्यांना खडी जास्त गरजेची आहे, पूल एक वर्ष थांबेल. बोलणं शहाणपणाचंच होतं, तिघांनी हो म्हटलं. एप्रिलमध्ये बर्फ वितळायला आणि तीन दिवस पाऊस लागायला एकच गाठ पडली. सकाळी आठच्या सुमाराला ओपल रिटर, आमची टपाल वाटणारी बाई, गाडीसकट पुलाबरोबर खाली गेली. दोन दिवसांनी सापडली. लूमिरसमोर कुणी ब्रही काढला नाही. ओपलच्या नवऱ्याने तर दफनाच्या वेळी स्वतःहून त्याचा हात हातात घेतला. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लूमिर मला एकदा म्हणाला होता.

ती गाडी साखळी लावून वर काढली वर्लिन ओल्टमनने. तेव्हा तो काउंटीचा ग्रेडर, रस्ते सपाट करायचं आणि बर्फ लोटायचं यंत्र, चालवायचा. लूमिर बिनकोटाचा काठावर उभा होता, थरथरत. वर्लिनने त्याला ग्रेडरच्या केबिनमध्ये बसवलं, दिवसभर बसवून ठेवलं. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी तो लूमिरच्या शेतावर कॉफीला जायचा, ‘जाता जाता आलो’ म्हणून. त्याच्या वाटेपासून ते शेत अकरा मैल आत आहे. ब्लँशने मला सांगितलं होतं, तो महिना वर्लिन आला नसता तर माझ्या नवऱ्याचं मी काय करणार होते, देव जाणे.

त्या एप्रिलपासून लूमिरने कानाला खडा लावला. ठराव म्हणून मांडायचा नाही. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाला, “ठराव मांडतो तो करणारा, मार्लिस. आपण नुसतं मागे उभं राहायचं.” मी मान डोलावली होती. आज ती मान आठवली की माझाच मला राग येतो.

गेल्या वर्षी क्लिफर्डचं कंबरेचं हाड मोडलं आणि तो निवडणुकीला उभाच राहिला नाही. त्याच्या जागी ट्रेंट बोझमन आला. अडतीस वर्षांचा, बियाणं विकतो, डुकरांच्या दोन शेड आहेत. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याच्यावर दातओठ खाल. आदल्या हिवाळ्यात त्याचा रस्ता तीन दिवस बर्फाखाली होता आणि बायको दिवस भरलेली घरात. तेव्हापासून त्याच्या डोक्यात रस्ते बसले होते. रस्त्यांवरच तो उभा राहिला, रस्त्यांवरच निवडून आला.

आणि रस्ते म्हणजे वर्लिन. ग्रेडरवरून चढत चढत तो आता अकरा वर्षं रस्ते अधीक्षक होता. त्या तीन दिवसांत त्याच्याकडे चालू ग्रेडर दोनच होते आणि दोनशे ऐंशी मैलांचे कच्चे रस्ते, पण हे ट्रेंटच्या बायकोला सांगून काय उपयोग. वर्लिन एकसष्टचा. त्याची बायको अर्डिस हिला नसांचा आजार आहे. दर महिन्याला ओमाहाला जाऊन सलाइनमधून औषध घ्यावं लागतं. घेतलं तर ती चालते, नाही घेतलं तर खुर्चीला खिळते. ते औषध काउंटीच्या विम्यावर चालायचं. नोकरी गेली की विमा गेला, इतकं साधं गणित. कोर्टहाऊसमध्ये हे झाडूवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ट्रेंटलाही माहीत असणार, त्याने तिकडे पाहिलं नसणार.

आमच्याकडे अधीक्षकाची नेमणूक एका वर्षाची असते. जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी बोर्ड नव्याने बसतं आणि सगळं पहिल्यापासून ठरतं. अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, सभा कोणत्या वारी, सुट्ट्या कोणत्या, जाहिराती कोणत्या वर्तमानपत्रात, खातं कोणत्या बँकेत, गाडीभाडं मैलाला किती, आणि शेवटी तण अधिकाऱ्यापासून रस्ते अधीक्षकापर्यंत एकेक नेमणूक. तीस-पस्तीस ठराव तासाभरात उडवायचे असतात. अध्यक्ष निवडेपर्यंत हातोडी माझ्याकडे असते. वर्षातली ती पाच मिनिटं मी ताठ बसते.

त्या मंगळवारी डेलोरिस पुन्हा अध्यक्ष झाली, लूमिर दरवर्षीसारखा उपाध्यक्ष. हातोडी तिच्याकडे गेली आणि गाडं सुरू झालं. ट्रेंट नवा, उत्साही. यादी हातात घेऊन एकामागून एक ठराव वाचत सुटला. सभा दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी भराव्यात, असा ठराव मांडतो. अनुमोदन. कोर्टहाऊस साडेचारला बंद व्हावं, असा ठराव मांडतो. अनुमोदन. मागच्या बाकावर रेडिएटरच्या उबेत शेरीफचा माणूस पेंगायला लागला. मीसुद्धा खरं सांगायचं तर अर्धीच जागी होते. ट्रेंटचा आवाज ‘मांडतो’वर खाली यायचा आणि त्यावर लूमिरचा शब्द पडायचा, घड्याळाच्या ठोक्यासारखा.

वर्लिनही मागच्या बाकावर होता, गुडघ्यावर टोपी, मांडीवर हिवाळ्याच्या अहवालाची फाइल. नेमणूक झाली की तो दरवर्षी अहवाल द्यायचा. तण अधिकारी झाला. माजी सैनिकांचं काम बघणारी बाई झाली. मग ट्रेंटने यादी खाली ठेवली आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. तिथेच मी जागी व्हायला हवं होतं.

“रस्ते अधीक्षकाची जागा या वर्षी रिकामी ठेवावी,” तो वाचायला लागला, “नव्याने अर्ज मागवावेत आणि तोवर फोरमनने काम बघावं, असा ठराव मी मांडतो.”

“अनुमोदन,” लूमिर म्हणाला.

 लूमिरचा चेहरा मी बघत होते. शब्द त्याच्या तोंडून गेला आणि मग तो त्याला ऐकू आला, असं स्पष्ट दिसलं. कानापर्यंत लाल झाला.

डेलोरिस म्हणाली, “लूमिर, मागे घ्यायचं असेल तर आत्ता घे. मी थांबते.”

तो वर्लिनकडे बघत होता. वर्लिन टोपीकडे. एवढं सोपं होतं हो, ‘घेतलं मागे’ म्हणायचं, दोन शब्द. पण चोवीस वर्षांत या माणसाने दिलेला शब्द कधी परत घेतला नव्हता, आणि नव्या पोराने जाहीरपणे मांडलेल्या ठरावाखालून शिडी काढायची, सगळ्यांदेखत, हे त्याच्या हाडात बसत नव्हतं. शिवाय मागे घेणं म्हणजे काहीतरी करणं. करणारा तो नव्हताच ना. “म्हटलंय आता मी,” तो पुटपुटला.

मी नावं पुकारली. बोझमन, हो. हाव्रानेक. उत्तर नाही. मी पुन्हा पुकारलं, जरा हळू, जसं काही मी त्याच्यासाठी दरवाजा धरून उभी होते. चिटणिसाने असं करू नये. मनात म्हणत होते, अरे गाढवा, रीत गेली चुलीत, ‘नाही’ म्हण.

“हो,” लूमिर म्हणाला.

पेनर, नाही. दोन विरुद्ध एक, ठराव मंजूर, हातोडी. वर्लिन उठला, माझ्या टेबलापाशी आला आणि फाइल ठेवली. “यात कमकुवत पुलांची यादी आहे,” मला म्हणाला. “फोरमनला लागेल.” टोपी घातली आणि गेला. त्या दिवशी कोलाचे कुणी खाल्ले नाहीत. ट्रे मीच उचलून आत नेऊन ठेवला.

गाव दोन दिवसांत दुभंगलं. कुणी म्हणे, बरं झालं, नवं रक्त येऊ दे. कुणी म्हणे, लूमिरला ट्रेंटने काहीतरी कबूल केलं असणार, फुकट कोण कुणाचा गळा कापतो. कॅफेत एकाने लूमिरला पाहून विचारलं, काय लूमिर, आणखी एक कप कॉफी, अनुमोदन आहे का? लोक हसले. लूमिर अर्धा कप तसाच टाकून उठला आणि पुन्हा तिथे गेला नाही.

गुरुवारी तो ओल्टमनांच्या घरी गेला. मला हे अर्डिसनेच सांगितलं. दार उघडलं तर हा टोपी हातात घेऊन पायरीवर. ती म्हणाली, आत तरी ये, घर गार पडतंय. वर्लिन गॅरेजमध्ये होता, आधीच धार असलेल्या कुऱ्हाडीला धार लावत. बाहेर आला नाही. लूमिर अर्धा तास स्वयंपाकघरात बसला, कोट न काढता. शेवटी म्हणाला, माझं तोंड पुढे गेलं, अर्डिस.

“तोंड गेलं ते गेलं,” ती म्हणाली, “मग मत कशाला गेलं त्याच्या मागोमाग?”

लूमिर उठला, खुर्ची जागेवर सारली आणि गेला.

शुक्रवारी सकाळी माझ्या कचेरीत आला. मी फारसं गोड बोलले नाही. तो मंजूर झालेला ठराव फिरवता येतो का, विचारायला लागला. मी नियमांचं पुस्तक काढून त्याच्यापुढे आपटलं. येतो, म्हटलं. ज्याने ‘हो’ म्हटलं होतं त्यालाच ‘पुन्हा विचार करू या’ असा ठराव मांडता येतो. म्हणजे ट्रेंटला, नाहीतर तुला. आणि तोही पुढच्याच सभेत, त्यानंतर नाही.

त्याने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. “क्लिफर्ड असता तर त्याने मांडला असता,” म्हणाला.

“क्लिफर्ड नाहीये. आणि असता तरी त्याने त्या दिवशी ‘हो’ म्हटलं नसतं, मग त्यालाही मांडता आला नसता. तुलाच येतो.”

“मला मांडता येत नाही, मार्लिस. तुला माहितीये.”

माहीत होतं मला. पण मी चिडलेली होते, आणि चिडलेली असले की माझी जीभ कुणाची मुर्वत ठेवत नाही. मी म्हटलं, “ओपलला पुलाने मारलं. तुझ्या ठरावाने मारलं असं तू चोवीस वर्षं धरून बसलायस, धर. पण अर्डिसला जे होईल ते तुझ्या अनुमोदनाने होईल. मागे उभा राहणाराही तिथेच असतो, लूमिर.”

बोलले आणि वाटलं, फार झालं. तो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. मग अगदी हळू विचारलं, मांडला, तर अनुमोदन कोण देईल? मी म्हटलं, डेलोरिस. तिने ‘नाही’ म्हटलं होतं की. तो म्हणाला, हातोडी? मी म्हटलं, ती रीत आहे, कायदा नाही. एवढ्याशा बोर्डात अध्यक्षालाही अनुमोदन देता येतं, हे बघ, इथे लिहिलंय. त्याने ती ओळ दोनदा वाचली.

डेलोरिसला आधी विचारून घ्यायची सोय नव्हती. तिघांच्या बोर्डात दोघं एका विषयावर खासगीत बोलले की तीच सभा होते, आणि चोरून भरवलेली सभा बेकायदा. कॉफीच्या टेबलावर दोघं सदस्य हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत, इतकं आम्ही ते पाळतो. मी मधे पडून निरोप नेला असता तर तेही तसंच. म्हणून त्याला न विचारता, आंधळेपणाने उडी मारायची होती. माझ्या भरवशावर. मी भरवसा दिला होता, कसलीही खात्री नसताना.

खात्री नव्हती, कारण एक गोष्ट मी सोयीस्करपणे विसरले होते. पुढची निवडणूक डेलोरिसची होती. त्या दोन आठवड्यांत तिच्या भागातले लोक तिला भेटून गेले, ट्रेंट बरोबर बोलतोय म्हणाले, जागेसाठी दोन तरुण अर्जही आले. आणि त्या मंगळवारचं तिचं ‘नाही’? लूमिर ‘हो’ म्हणून चुकल्यावर म्हटलेलं. त्या ‘नाही’ला किंमत पडणार नव्हती. तेवढं चांगलं माणूस व्हायला कुणालाही परवडतं.

चौथ्या मंगळवारी खोली भरली होती. आदल्या दोन दिवसांत पुन्हा बर्फ पडलं होतं आणि लोक बूट आपटत येत होते. अर्डिस काठी घेऊन आली होती, वर्लिन तिच्या शेजारी, नाकासमोर बघत. ट्रेंटची माणसं खिडकीकडे. आधी नेहमीची कामं झाली. मग डेलोरिसने विचारलं, आणखी काही?

लूमिर उठून उभा राहिला. सभेत सदस्य उठत नाहीत, बसूनच बोलतात. पण तो उठला. हातात बियाण्याच्या कंपनीची चिठ्ठी होती, मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली.

“मी ठराव मांडतो,” तो म्हणाला आणि थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं, संपलं, बसणार आता. “रस्ते अधीक्षकाबद्दलचा ठराव पुन्हा विचारात घ्यावा. त्या दिवशी मी विचार न करता बोललो. मग विचार करायला वेळ दिला तरी ‘हो’ म्हणालो. ते जास्त वाईट होतं.” चिठ्ठीत हे शेवटचं नव्हतं, मी पाहिली आहे ती नंतर.

मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. या माणसाला चोवीस वर्षं मी बोटाने पान उलटवावं तसं गृहीत धरलं होतं.

“ठराव आलेला आहे,” डेलोरिस म्हणाली. “अनुमोदन?”

रेडिएटर खडखडत होता. ट्रेंटने एकदा अर्डिसच्या काठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि तिथेच बघत राहिला. डेलोरिसच्या हातात हातोडी होती. ती खाली ठेवायला दीड इंचही लागत नव्हतं.

“अनुमोदन आहे का?” तिने दुसऱ्यांदा विचारलं.

विचारल्याशिवाय चिटणिसाने बोलायचं नसतं. सत्तावीस वर्षं नाही बोलले. “अध्यक्षालाही देता येतं, डेलोरिस,” मी म्हटलं.

“माहीत आहे मला, मार्लिस,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

म्हणजे रीत आड येत नव्हती, तिला द्यायचंच नव्हतं. त्या क्षणी मला कळलं, लूमिरलाही कळलं असणार. तरी तो उभाच होता. डेलोरिसने घसा साफ केला आणि नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा, शेवटचं विचारलं, “अनुमोदन?”

“अनुमोदन,” आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. लूमिर होता तो. प्रश्न कानावर पडला आणि तोंडाने उत्तर दिलं, चोवीस वर्षं देत आलं होतं तसं. मागे कुणीतरी हसायला लागलं आणि मधेच गिळलं. त्याचं त्यालाच उमगायला दोन क्षण लागले.

“स्वतःच्या ठरावाला स्वतः देता येत नाही, लूमिर,” डेलोरिस म्हणाली. वाईट वाटून म्हणाली, ते मी नाकारत नाही. पण म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “हो, बरोबर आहे.” आणि बसला. अनुमोदनाअभावी ठराव बारगळला, हातोडी वाजली.

बारगळलेले ठराव मी इतिवृत्तात घेत नाही. हा घेतला. सूचक, हाव्रानेक. अनुमोदकाची जागा रिकामी सोडली आणि तसंच वर्तमानपत्रात छापून आणलं. डेलोरिसला ते आवडलं नाही. नसेल आवडलं. ओल्टमन मार्चमध्ये घर विकून कॅन्ससला मुलीकडे गेले. मधे दोन महिने औषध चुकलं होतं. अर्डिस जाताना चाकांच्या खुर्चीत बसून गेली.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी सभा सुटल्यावर लूमिर बाहेरच्या पॅसेजमध्ये एकटाच कोट घालत होता. बटन काही केल्या लागेना. लोक त्याच्या बाजूने वळसा घालून जात होते, पाण्याच्या डबक्याला घालतात तसा. मी माझ्या दारात होते. वर्लिन अर्डिसला बाकावर बसवून त्याच्याकडे आला आणि समोर उभा राहिला.  मारतो की काय असं वाटलं, आणि मारलं असतं तरी मी मधे पडले नसते.

“टर्की क्रीकच्या पुढे बर्फ धरलंय,” वर्लिन म्हणाला. “पुलावर हळू घे.”

लूमिरने मान हलवली. वर्लिनने अर्डिसला हात दिला आणि दोघं पायऱ्या उतरून गेली, एकेक पायरी.

“त्याला कसं माहीत?” लूमिरने मला विचारलं. “फोरमनने तर काही सांगितलं नाही.”

सांगावं की नाही, मला कळेना. मग सांगितलं. वर्लिन अजून रोज सकाळी उठतो आणि स्वतःच्या गाडीने काउंटीचे रस्ते बघून येतो. अर्डिस म्हणते, घरी बसवत नाही त्याला.

लूमिरने बटन तसंच सोडलं. खाली उतरला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला, पण ट्रक बराच वेळ सुरू झाला नाही. मी खिडकीतून बघत होते. शेवटी तो निघाला, उत्तरेला टर्की क्रीकच्या रस्त्याला वळला, आणि दिसेनासा होईपर्यंत अगदी हळू चालवत होता.